कोरियन मालिकांतील जन्मरहस्य

कोणत्याहि वाङ्मयप्रकारांत एखादी युक्ति फार वापरली गेली म्हणजे टीकाकार तिला हंसूं लागतात, आणि प्रेक्षक टीकाकारांबरोबर हंसून तीच युक्ति पुन्हां पाहावयास बसतात. दक्षिण कोरियांतील दूरदर्शनच्या नाट्यमालिकांत अशी एक युक्ति आहे. तिला त्या भाषेंत सरळ ‘जन्माचें रहस्य’ असेंच नांव पडलें आहे. नायक ज्याला बाप समजतो तो त्याचा बाप नव्हे. श्रीमंताघरीं वाढलेली मुलगी खानावळवालीची निघते. रुग्णालयांत अर्भकांची अदलाबदल होते. आणि एखाद्या भागाच्या अगदीं शेवटीं कोणीतरी थरथरत्या हातानें पाकीट फोडतो, आंतला रक्तपरीक्षेचा कागद वाचतो व भिंतीला टेकतो. पुढचें पुढच्या भागांत.

अशा अतिरंजित मालिकांना तिकडे ‘माक्जांग’ म्हणतात. हा शब्द मूळ कोळशाच्या खाणींतला. बोगद्याचें जें शेवटचें टोक, ज्याच्या पुढें वाट नाहीं, तें माक्जांग. २००९ सालीं तेथील सरकारी कोळसा मंडळाच्या अध्यक्षांनीं जाहीर हरकत घेतली कीं, खाणकामगार जेथें घाम गाळून पोट भरतात त्या जागेचें नांव असल्या नाटकांना देऊं नये. त्याच सुमारास गाजत असलेल्या ‘पत्नीचें मोहजाल’ (२००८-०९) या मालिकेंत नवऱ्यानें समुद्रांत बुडूं दिलेली नायिका चेहऱ्यावर एक तीळ काढून परत येते, आणि एवढ्यानें नवरा तिला ओळखीनासा होतो! हें पाहिल्यावर अध्यक्षमहाशयांची तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं.

तथापि तिळाची युक्ति आणि जन्मरहस्याची युक्ति एकाच तागडींत तोलणें आम्हांस मान्य नाहीं. पहिली लेखकाची सोय आहे. दुसरीच्या पाठीशीं पांच-सहाशें वर्षांचा इतिहास आहे. आपल्या वाचकांना या प्रकारांत प्रथम आठवेल तो कर्ण. परंतु कर्णाचें रहस्य कुंतीच्या मनांत होतें, सूर्याला ठाऊक होतें; तें कोणत्या दप्तरांत नोंदलेलें नव्हतें, आणि हस्तिनापुरच्या कोणा कारकुनाच्या लेखणीनें तो सूतपुत्र झाला नव्हता. कोरियन कथेंतलें रहस्य दप्तरांत असतें. रक्त एक सांगतें, कागद दुसरें सांगतो, आणि राज्य कागदावर विश्वास ठेवतें. या तिढ्यांतून त्या देशांतल्या लाखों माणसांचें आयुष्य खरोखर गेलें आहे. नाटककारांनीं तो कोठून उसना आणलेला नाहीं.

जोसॉन राजवटींत (१३९२ ते १९१०) उच्चकुलीन पुरुषाची विवाहाची पत्नी एकच, बाकीच्या उपपत्नी. उपपत्नींच्या संततीला ‘सॉ-ऑल’ म्हणत. आई सामान्य कुळांतली असली तर मूल ‘सॉ’, दासी असली तर ‘ऑल’. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना ‘लेकावळे’ म्हटलें आहे तसाच हा वर्ग. १४१५ पासून त्यांना वरच्या अधिकारपदांची बंदी सुरू झाली, आणि १४८५ च्या मोठ्या विधिसंहितेनें त्यांच्या वंशजांनाहि राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा दरवाजा बंद केला. बाप मंत्री असो, मुलगा बृहस्पति असो, आईच्या कुळानें निकाल लागे. ‘होंग गिल-दोंग’ ही कथा याच वेदनेची. ती परंपरेनें हॉ ग्यून (१५६९-१६१८) याच्या नांवावर आहे. हा मोठा अधिकारी व कवि राजद्रोहाच्या आरोपाखालीं देहदंड पावला. कथेचा नायक मंत्र्याचा दासीपुत्र. बापाला ‘बाबा’ व भावाला ‘दादा’ म्हणण्याची त्याला मुभा नाहीं, हें त्याचें सर्वांत मोठें दुःख. पुढें तो लुटारूंचा नायक होऊन लांचखाऊ अधिकाऱ्यांना लुटतो व अखेर दूरच्या बेटावर स्वतःचें राज्य स्थापतो. बापाला बाप म्हणतां न येणें हा वाक्प्रचारच कोरियन भाषेंत रूढ होऊन बसला आहे. या कथेंत जन्म रहस्यमय नाहीं, सर्वांना ठाऊक आहे. तोंडानें मात्र तो उच्चारावयाचा नाहीं. रहस्याचें बीज या सक्तीच्या मौनांत आहे.

जॉंगजो राजानें १७७७ सालीं हे निर्बंध कांहींसे सैल केले, आणि दोनच वर्षांनीं पाक जे-गा, यी दॉक-मू यांच्यासारख्या विद्वान् लेकावळ्यांना आपल्या राजग्रंथालयांत नेमलें. १८९४ च्या सुधारणांनीं दास्य व जन्मसिद्ध दर्जे कायद्यानें मोडले. परंतु मनांतली उतरंड कायद्याच्या तारखेनें मोडत नसते. शंभर वर्षांनीं, १९९९-२००० सालीं, ‘हॉ जून’ ही मालिका आली. ‘दोंगुई बोगाम’ या प्रख्यात वैद्यकग्रंथाचा कर्ता हॉ जून हा उपपत्नीचा मुलगा. वरचे दरवाजे बंद म्हणून तो वैद्यकाकडे वळतो व स्वतःच्या कर्तबगारीनें राजवैद्य होतो. भर लोकप्रियतेच्या दिवसांत, मोजलेल्या घरांपैकीं साठ टक्क्यांहून अधिक घरांत ही मालिका लागलेली असे. १९९७ च्या आर्थिक संकटानें नोकऱ्या गमावलेल्या, पदव्या निरुपयोगी ठरलेल्या प्रेक्षकांना सोळाव्या शतकांतल्या या वैद्यांत काय दिसलें असेल, तें फारसें समजावून सांगावयास नको.

आतां कागदाकडे वळूं. जपानी अमलांत (१९१० ते १९४५) ‘होजॉक’ ही कुटुंबांची सरकारी नोंदवही पक्की झाली. प्रत्येक कुटुंबाला एक प्रमुख, तो ‘होजू’. बाकी सर्व त्याच्या नांवाखालीं. १९४० सालीं याच दप्तराच्या द्वारें कोरियन लोकांना जपानी पद्धतीचीं कुलनामें घ्यावयास लावलें, व बहुसंख्य कुटुंबांना तीं घ्यावीं लागलीं. म्हणजे एका पिढीपुरतें तरी जवळजवळ अख्ख्या राष्ट्राचें एक नांव घरांत व दुसरें कागदावर होतें. स्वातंत्र्य आल्यावर जपानी नांवें गेलीं, दप्तर मात्र राहिलें. १९६० पासून अमलांत आलेल्या नव्या दिवाणी कायद्यानें होजूपद कायम ठेवलें व त्याला स्वदेशी परंपरेचा टिळा लावला. बाप मेला कीं प्रमुखपद मुलाकडे. मुलगा पाळण्यांत असला तरी आई, आजी व मोठ्या बहिणी यांचा तो प्रमुख! मुलगा नसेल तरच मुलगी, व तिच्या मागून विधवा. विवाहाबाहेरचा मुलगासुद्धां, बापानें एकदां आपला म्हटला कीं, विवाहाच्या मुलींच्या पुढें जाई.

हा शेवटचा नियम ज्याच्या ध्यानांत आहे त्याला ‘बेकरीचा राजा किम ताक-गू’ (२०१०) ही तीस भागांची मालिका निराळीच दिसूं लागते. गोष्ट १९६० नंतरच्या दशकांतली. गू नांवाच्या एका धनाढ्य बेकरीमालकाच्या बायकोला दोन मुलीच आहेत. सासूला नातू हवा. इकडे मालकाला घरांत काम करणाऱ्या तरुणीपासून दिवस जातात. तिकडे, नवऱ्यापासून आपल्याला मुलगा होणार नाहीं या भीतीनें, बायको नवऱ्याच्या चिटणीसापासून मुलगा मिळवते. दोन्ही मुलगे जन्मतात. एकाच्या अंगांत बापाचें रक्त, पण नांव आईचें आणि घर रस्त्यावरचें. दुसऱ्याच्या पाठीशीं सगळे कागद, पण रक्ताचा थेंब नाहीं. पुढें पाव भाजण्याची स्पर्धा आहे, कटकारस्थानें आहेत, प्रेम आहे. तें सर्व नेहमींचें. शेवटच्या भागांना जवळजवळ निम्मा प्रेक्षकवर्ग या एका मालिकेपुढें बसत असे.

टीकाकारांनीं सासूला व सुनेला दुष्ट ठरविलें. आम्हांस त्या दोघी कायद्याच्या पोटीं जन्मलेल्या दिसतात. ज्या घरांत मुलगा नाहीं तेथें बाहेरचा मुलगा येऊन आपल्या मुलींच्या डोक्यावर बसूं शकतो, हें त्या सुनेला पक्कें ठाऊक आहे. ती जें करते तें पाप खरें, पण तो वेडेपणा नव्हे, हिशेब आहे. आणि मालिकेचा शेवट पाहा: नायक आपला हक्क सिद्ध झाल्यावर कारखान्याचें प्रमुखपद थोरल्या सावत्र बहिणीकडे सोंपवितो आणि आपण भट्टीकडे परत जातो. सबंध तीस भागांत जिच्याकडे वारस म्हणून कोणी पाहिलें नाहीं ती ही मुलगी. लेखिकेनें कोणाच्याहि तोंडीं व्याख्यान घातलेलें नाहीं. पण ज्या पदासाठीं एवढें रामायण झालें तें पद मुलीला सहज देतां येण्यासारखें होतें, ही गोष्ट प्रेक्षकाच्या पदरांत न बोलतां पडते.

ही मालिका आली तेव्हां होजूपद जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. कायद्याविरुद्ध स्त्रियांच्या संस्था कित्येक दशकें झगडत होत्या. २००३ सालच्या ‘पिवळा रुमाल’ या दैनिक मालिकेनें हा प्रश्न रोज संध्याकाळीं घरोघर नेला: जिला टाकून तो पुरुष निघून गेला त्या आईनें एकटीनें वाढविलेलें मूल, आणि नंतर येऊन त्याच्यावर हक्क सांगणारा बाप. ३ फेब्रुवारी २००५ रोजीं घटना-न्यायालयानें होजूपद्धति घटनेशीं विसंगत ठरविली, आणि १ जानेवारी २००८ पासून जुनें दप्तर बंद होऊन माणसागणिक नोंदी सुरू झाल्या. मालिकेमुळें कायदा बदलला असें म्हणणें मालिकेला फार मोठेपणा देणें होईल. ज्यांच्या घरीं तो कायदा मुकाट्यानें नांदत होता त्यांच्यापुढें त्याचें तोंड उघडें पडलें, एवढें म्हटलें तरी पुष्कळ आहे.

परंतु केवळ कायद्यानें या युक्तीचा सारा भार उचलला जात नाहीं. दुसरें कारण युद्ध. १९५० ते १९५३ च्या युद्धांत पळणाऱ्या लोंढ्यांतून आईच्या हातचें मूल सुटलें, भावाची बहीण चुकली, नवरा उत्तरेस राहिला. १९७२ सालीं ‘यॉरो’ या मालिकेच्या वेळेस रस्ते ओस पडत असें सांगतात. सासूनें घराबाहेर काढलेली सून, भोळसट नवरा, ताटातूट, युद्ध, आणि वर्षांनंतर नवऱ्याची व मुलाची भेट, असें तिचें कथानक. तेव्हांचें सरकार लष्करशहा पाक जुंग-ही याचें. त्याच वर्षीं त्यानें नवी घटना लादून तहहयात सत्तेची सोय केली. राजकारण पडद्यावर दाखविणें अशक्य होतें. रडावयास मात्र मनाई नव्हती, आणि लोकांच्या रडण्यांत काय काय मिसळलें होतें हें तपासण्याचें यंत्र कोणत्याहि सरकारपाशीं नसतें.

मग १९८३ सालीं नाटक आणि जग यांच्यामधली भिंतच पडली. ३० जूनच्या रात्रीं कोरियन सरकारी दूरदर्शन-संस्थेनें ताटातूट झालेल्या कुटुंबांचा शोध घेण्यासाठीं दीड तासाचा एक कार्यक्रम ठेवला होता. माणसें पाटीवर नांव, गांव, हरवलें तेव्हांचें वय, अंगावरची खूण लिहून यंत्रापुढें उभीं राहिलीं. दूरध्वनि थांबेनात, कार्यक्रम संपवितां येईना. तो दीड तास १३८ दिवस चालला. नोव्हेंबरच्या १४ तारखेला जेव्हां शेवट झाला तेव्हां ४५३ तास ४५ मिनिटें प्रक्षेपण झालें होतें, ५३,५३६ माणसें पडद्यावर येऊन गेलीं होतीं, आणि १०,१८९ भेटी घडल्या होत्या. संस्थेच्या इमारतीच्या भिंती व बाहेरचें पटांगण हस्तलिखित कागदांनीं भरून गेलें. एका शहरांतल्या केंद्रावरून पन्नाशीचा माणूस दुसऱ्या शहरांतल्या बाईला विचारतो: आपल्या घरामागें कसलें झाड होतें? तुझ्या कपाळावर तो व्रण कशाचा? आणि उत्तर पुरें होण्याआधींच दोघेंहि हंबरडा फोडतात. या सर्व चित्रफिती २०१५ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतिसंग्रहांत समाविष्ट केल्या.

ज्या राष्ट्रानें ओळख पटण्याचा प्रसंग असा १३८ दिवस प्रत्यक्ष पाहिला, त्याला नाटकांतला ओळखीचा प्रसंग खोटा कसा वाटावा? पाश्चात्य टीकाकार म्हणतात कीं, कोरियन मालिकांत योगायोग फार. बरोबर आहे. पण १९८३ च्या उन्हाळ्यांत असेंहि दिसून आलें कीं, कित्येक भावंडें वर्षानुवर्षें एकमेकांपासून थोड्याच अंतरावर राहत होतीं. लेखकानें असें लिहिलें असतें तर संपादकानें तें खोडलें असतें.

‘शरदांतील कथा’ (२०००) या परदेशांतहि गाजलेल्या मालिकेंत एक लहान मुलगा रुग्णालयांतल्या पाळण्यांवरच्या चिठ्ठ्यांशीं खेळतो, चिठ्ठ्या बदलतात, आणि दोन मुलींचीं आयुष्यें बदलतात. मालिका गोडगुळचट आहे. तिच्यांत पावसापेक्षां अश्रु अधिक. पण चिठ्ठीची कल्पना मनांत ठेवण्याजोगी आहे, कारण चिठ्ठी बदलण्याचा एक फार मोठा आणि मुळींच गोड नसलेला व्यवहार त्या देशांत खरोखर चालू होता.

युद्धानंतर कोरियांतून परदेशीं दत्तक गेलेल्या मुलांची संख्या सुमारें दोन लाख सांगतात. आरंभीं युद्धांत पोरकीं झालेलीं व परदेशी सैनिकांपासून झालेलीं मुलें होतीं. पण ओघ सर्वांत मोठा झाला तो युद्धानंतर तीस वर्षांनीं, देश श्रीमंत होत असतां. १९८५ या एका वर्षांत आठ हजारांहून अधिक मुलें गेलीं. त्यांतलीं पुष्कळ अविवाहित मातांचीं. मूल परदेशीं धाडावयाचें तर तें अनाथ असलें पाहिजे. आणि अनाथ नसेल तर कागदावर तसें करतां येई. त्यासाठीं होजॉकाची एक खास युक्ति होती. मुलाच्या नांवानें स्वतंत्र कुटुंब उघडावयाचें. त्या कुटुंबांत माणूस एकच, तें मूल, आणि तेंच त्याचें प्रमुख. ज्या कायद्यानें पाळण्यांतल्या मुलाला आईचा प्रमुख केलें, त्याच कायद्यानें पाळण्यांतल्या मुलीला एका माणसाच्या घराची प्रमुख करून विमानांत बसविलें.

‘क्षमा कर, माझें प्रेम आहे’ (२००४) ही सोळा भागांची मालिका या मुलांपैकीं एकाची. नायक लहानपणीं ऑस्ट्रेलियांत दत्तक दिला गेला. तेथें त्याला टाकून दिलें, आणि तो मेलबर्नच्या रस्त्यावर वाढला. डोक्यांत बंदुकीची गोळी अडकलेली, मरण ठरलेलें, अशा स्थितींत तो आईला शोधीत सोलला येतो. आई प्रसिद्ध नटी, मोठ्या घरांत, एका लाडक्या मुलासह. त्याला वाटतें, हिनें मला फेंकून दिलें आणि याला मांडीवर घेतलें. सूड घेण्याच्या इच्छेनें तो त्या घरांत शिरतो. आणि अगदीं उशिरां त्याला कळतें कीं, आईला ‘तुझें मूल जन्मतांच गेलें’ असें सांगण्यांत आलें होतें. तिच्या कीर्तीला बट्टा लागूं नये म्हणून तिच्याच निष्ठावंत माणसानें मुलें अनाथालयाच्या दारीं नेऊन ठेविलीं. तो लाडका मुलगा, तोहि तिनें दत्तक घेतलेलाच. शेवटीं नायक आईकडे जेवावयास मागतो. ती त्याला रामेन शेवयांचें भांडें करून देते, घरीं आलेल्या एखाद्या नोकराला द्यावें तसें. तो खातो, रडतो, कांहीं न सांगतां निघून जातो. कोरियन मालिकांतला इतका मोठा ओळख-प्रसंग आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं, आणि त्यांत ओळख पटतच नाहीं.

२६ मार्च २०२५ रोजीं दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगानें परदेशी दत्तकांविषयींचा आपला निर्णय जाहीर केला. अकरा देशांतून ३६७ दत्तकांनीं अर्ज केले होते. पहिल्या तुकडीत ५६ जणांच्या हक्कांचा भंग झाल्याचें आयोगानें मान्य केलें, व त्याची जबाबदारी राज्यावर टाकली. आईबाप असतांना मुलांना अनाथ म्हणून नोंदलें होतें. संमति नीट घेतलेली नव्हती. आणि जावयाचें ठरलेलें मूल मेलें किंवा घरच्यांनीं परत नेलें तर त्याच्या कागदांवर दुसरेंच मूल धाडलें होतें. चिठ्ठ्या बदलणारा लहान मुलगा तेथें कोणी नव्हता. चिठ्ठ्या मोठ्या माणसांनीं, कचेरीच्या वेळांत, शिक्के मारून बदलल्या. आपली जन्मतारीख आपली नाहीं, नांव दुसऱ्या कोणाचें आहे, आणि ते दुसरें मूल आतां जिवंत आहे कीं नाहीं हेंहि ठाऊक नाहीं, अशीं पन्नाशीकडे झुकलेलीं माणसें आज डेन्मार्कांत, अमेरिकेंत, फ्रान्सांत आहेत.

येथें या मालिकांविरुद्ध आमची एक तक्रार आहे, आणि ती तीळ व योगायोग यांच्यापेक्षां गंभीर आहे. जन्मरहस्याच्या इतक्या मालिका झाल्या, पण रहस्य करणारा माणूस कोण असतो? मत्सरी सवत, लोभी सासू, एकनिष्ठ मोटरचालक, नाहींतर खेळणारें पोर. घरचेंच कोणीतरी. खोटी नोंद करणारा कारकून, मुलांमागें परदेशांतून पैसे घेणारी संस्था, परवाना देणारें खातें हीं क्वचितच पुढें येतात. लष्करी अमदानींत याचें कारण उघड होतें: १९८० च्या नोव्हेंबरांत सरकारनें खाजगी दूरदर्शन-संस्था एका फटक्यासरशी सरकारी संस्थेंत विलीन करून टाकली, तेव्हां सरकारी कचेरीला खलनायक करणार कोण? सासूला करणें सोपें. सासू तक्रार करीत नाहीं. पण लष्करी अमदानी जाऊन आतां साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला. या अवधींत कोरियन पडद्यानें ग्वांगजूचा रक्तपात दाखविला, अध्यक्षांची लांच दाखविली, सरकारी वकिलांचे हात मळलेले दाखविले. जन्माच्या बाबतींत मात्र तो अद्याप दिवाणखान्यांतून दप्तरखान्यांत जावयास तयार होत नाहीं.

ज्या नटीच्या घरीं तो मुलगा शेवया खाऊन गेला, तिला जें खोटें सांगितलें तें प्रेमानें सांगितलें होतें, म्हणून आपण त्या सांगणाऱ्याला क्षमा करूं शकतों. आयोगापुढें आलेल्या कागदांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांची गोष्ट कोणीतरी अजून लिहावयाची आहे. तोंवर पाकीट फोडण्याचा तोच तो प्रसंग पुन्हां पुन्हां येत राहील, आणि आम्ही तो पाहूं.